कोट कुणी धरायचा?

१९६५ सालचा नाताळ. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात मस्कीगन नावाच्या गावी शर्मन पॉपेन नावाचा एक इंजिनियर राहत होता. बाहेर बर्फ पडलेला, घरात पोरींचा दंगा आणि बायको गरोदर. पोरींना जरा बाहेर घेऊन जा, असं तिने नवऱ्याला सांगितलं. हे वाक्य जगातल्या झाडून सगळ्या भाषांत असणार. पॉपेनने दोन स्की शेजारी शेजारी ठेवल्या, पट्ट्या मारून एकमेकींना जोडल्या आणि पोरीला त्यावर उभं केलं. लाटेवर फळी घेऊन उभं राहतात तशी ती टेकाडावरून उभ्याउभ्या घसरत खाली गेली. बायकोने स्नो आणि सर्फ हे दोन शब्द एकत्र करून त्याला नाव दिलं, स्नर्फर. पुढे ते खेळणं म्हणून बाजारात आलं, भरपूर खपलं, त्यातूनच आजचा स्नोबोर्ड वाढला, आणि १९९८ साली जपानमधल्या नागानोच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये तो खेळ म्हणून दाखल झाला.

ही गोष्ट सांगणारे बहुतेक जण इथेच थांबतात. बापाने लेकींसाठी काहीतरी बनवलं आणि जगाला एक खेळ मिळाला. मला मात्र तिचा पुढचा तुकडा जास्त आवडतो. साठी उलटून गेल्यावर पॉपेन स्वतः स्नोबोर्ड शिकले. मधल्या तीसेक वर्षांत ते त्या टेकाडावर काय करत असतील, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. मला वाटतं, पायथ्याशी उभे राहून कुणाची तरी टोपी धरत असतील.

सोलंगला अशी माणसं शेकड्यांनी दिसतात. मनालीपासून साधारण १४ किलोमीटरवर ही दरी आहे. रस्त्याच्या कडेला ओळीने दुकानं, तिथून जाडे कोट आणि गमबूट भाड्याने घ्यायचे आणि वर जायचं. आम्ही गेल्या फेब्रुवारीत गेलो होतो. मी, नवरा, बारा वर्षांची लेक आणि आठ वर्षांचा मुलगा. माझं माहेर भिवंडीजवळचं अंजूर, सासर तिथून जवळच काल्हेरला. मी अंजूरच्याच एका गोदामात मालाच्या नोंदी ठेवायचं काम करते. अंजूर म्हटलं की इतिहास वाचणाऱ्यांना वसईच्या मोहिमेतले गंगाजी नाईक अंजूरकर आठवतात. बाकीच्यांना अंजूर फाट्याचं ट्रॅफिक आठवतं. बर्फ म्हणजे आमच्याकडे मासळीच्या टोपलीतला, नाहीतर शीतगोदामातून जाड जॅकेट घालून बाहेर येणाऱ्या पोरांच्या भुवयांवरचा.

निघायच्या आधी जो भेटेल त्याला आम्ही एकच सांगत होतो, मुलांसाठी चाललोय. ऑफिसात रजेच्या अर्जाबरोबर हेच सांगितलं, पतपेढीतून पैसे काढतानाही हेच. हे वाक्य म्हणजे आपल्याकडचा टोलमाफीचा पास आहे. तो दाखवला की पुढे कुणी अडवत नाही. चाळिशीची बाई म्हणाली, मला बर्फावर घसरायचंय, म्हणून मी साठवलेल्या पैशातले इतके हजार मोडतेय, तर ऐकणारा आधी तिच्या नवऱ्याकडे बघेल.

बर्फाच्या कडेला आईबापांची रांगच होती. प्रत्येकाच्या हातात दोन-तीन कोट, पाण्याची बाटली, खांद्याला पर्स आणि समोर धरलेला मोबाइल. पोरं ट्यूबमधून घसरतायत आणि ही मंडळी 'इकडे बघ, हस' असं ओरडतायत. बरीचशी मराठी होती, आवाजावरून लगेच कळतं. कुणाच्याही चेहऱ्यावर दुःख नव्हतं, हे खरं. पण मजा आली का, असं त्यांना विचारलं असतं तर उत्तर आलं असतं, पोरांनी खूप मजा केली.

मी शिकवणी लावली. स्कीची, दोन दिवसांची, माझ्या एकटीची. मुलांना दुसऱ्या मास्तरांकडे तासभर दिलं, त्यानंतर ती बापाजवळ.

स्कीचे बूट घातल्यावर पहिल्यांदा कळतं की आपल्या घोट्याला आता काही किंमत उरलेली नाही. लहान मुलाच्या पायात बापाचे बूट असावेत तसं चालावं लागतं. शिकाऊ उतारावर वर न्यायला दोरीबिरी काही नाही. आडवं उभं राहून एकेक पाऊल टाकत चढायचं, दहा मिनिटं चढायचं आणि दहा सेकंदांत खाली यायचं. थांबायचं कसं, ते पहिल्यांदा शिकवतात. स्कीची पुढची टोकं जवळ आणायची, टाचा बाहेर ढकलायच्या, त्रिकोण करायचा. लहान मुलांना जगभर याला पिझ्झा म्हणून शिकवतात. दोन्ही स्की समांतर म्हणजे फ्रेंच फ्राइज. आमचे मास्तर मलाही तेच ओरडून सांगत होते. सगळ्या उतारावर "मॅडम, पिझ्झा! पिझ्झा!" घुमत होतं.

त्यातली एक गोष्ट मला अजून पुरेशी पचलेली नाही. भीती वाटली की माणूस मागे झुकतो. उतारावर मागे झुकलं की वजन टाचांवर जातं, स्कीवरचा ताबा सुटतो आणि वेग आणखी वाढतो. थांबायचं तर उताराच्या दिशेने, म्हणजे ज्याची भीती वाटते त्याच दिशेने, नडगी बुटावर दाबून पुढे झुकावं लागतं. डोक्याला हे दोन मिनिटांत समजतं, पण पाठीच्या कण्याला समजायला दीड दिवस जातो. मी किती वेळा पडले ते मोजलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मी वरून निघाले, त्रिकोण करत, डावीकडे वळले, उजवीकडे वळले, आणि खाली येऊन स्वतःहून थांबले. त्या वीसेक सेकंदांत मी कुणाची आई नव्हते. हे वाक्य वाचून काही जणांना बोचेल, म्हणून मुद्दाम सांगते: मुलं वाईट वाटत होती, नकोशी झाली होती, असलं काही नव्हतं. तेवढा वेळ ती डोक्यात नव्हती, इतकंच.

घरी परतल्यावर माहेरी तो व्हिडिओ दाखवला. आईने नीट बघितला, मान डोलावली आणि विचारलं, "आन् पोरा कोनी सांभालली?"

हा प्रश्न टोमणा म्हणून सोडून देता येतो. माझ्या वयाच्या मैत्रिणींनी तो तसाच घेतला. मला तो या विषयातला सगळ्यात नेमका प्रश्न वाटतो, पण तिथे पोचायला जरा वेळ लागेल. आधी वळगणीबद्दल सांगायला हवं.

वळगण म्हणजे काय, हे ठाणे-रायगडच्या बाहेरच्यांना कदाचित माहीत नसेल. पहिला जोराचा पाऊस झाला की खाडीतले, नदीतले मासे पाण्याच्या उलट दिशेने ओढ्यांत आणि भाताच्या खाचरांत चढतात, अंडी घालायला. माणसं रात्रीची बत्ती घेऊन निघतात. कुणाकडे पाग, कुणाकडे नुसती टोपली. माझ्या लहानपणी अंजूरला, गोदामांचा भराव पडायच्या आधी, बाबा त्या रात्री जेवण अर्धवट टाकून उठायचे. मी मागे धावायचे. गुडघाभर पाणी, अंगावर पाऊस, बत्तीच्या उजेडात चमकणाऱ्या चिवण्या, आणि बाबा ओरडतायत, हसतायत, शेजाऱ्याला शिव्या देतायत. दिवसा चार शब्द न बोलणारा माणूस. (पोटात अंडी असलेला मासा मारू नये, हे आता कळतं. तेव्हा कुणी तसा विचार करत नव्हतं.)

बाबांनी मला वळगणीला 'नेलं' असं म्हणता येणार नाही. ते स्वतःसाठी गेले आणि मी त्यांच्या मागे गेले. मला मजा आली की नाही, हे त्यांनी कधी विचारलं नाही. आणि आज चाळीस वर्षांच्या आयुष्यात बाप सगळ्यात जास्त कधी दिसला असं विचारलं तर मी ती रात्र सांगेन. शाळेची फी भरणारा, आजारपणात रिक्षा बोलावणारा बाप आठवतो, त्याच्याबद्दल कृतज्ञता आहे. पण तो बाप माझ्यासाठी काहीतरी करत होता. वळगणीतला बाप कुणासाठी काही करत नव्हता, म्हणून तो माणूस म्हणून दिसला.

सोलंगच्याच बाजूला बुरुआ नावाचं गाव आहे. तिथल्या आंचल ठाकूरने २०१८ साली तुर्कीमधल्या स्पर्धेत स्कीइंगचं कांस्यपदक मिळवलं. स्कीइंगमधलं भारताचं ते पहिलं आंतरराष्ट्रीय पदक. तिचे वडील रोशन ठाकूर स्वतः स्कीइंग करणारे, आणि भाऊ हिमांशू २०१४च्या सोची ऑलिंपिकला गेलेला. त्या घरात कोण कोणासाठी बर्फावर जात असेल? मला वाटतं हा प्रश्न तिथे निघतच नसेल. दारात बर्फ, घरात स्की, बाप निघाला की पोरं निघाली. आमच्याकडच्या वळगणीसारखंच.

मग हा प्रश्न आपल्यालाच का पडतो? माझा अंदाज असा आहे की मजेचं तिकीट झालं की तिचा मालक ठरवावा लागतो. वळगण फुकट होती, घरामागे होती, शिवाय त्यातून कालवण मिळत होतं. ती काम होती की खेळ, बाबांसाठी होती की माझ्यासाठी, याचा हिशेब कुणाला करावाच लागला नाही. आता त्या खाचरांवर पत्र्याची गोदामं आहेत. मजा हवी तर कुर्ल्याच्या मॉलमधल्या कृत्रिम बर्फात जायचं, नाहीतर चंदीगडपर्यंत रेल्वे आणि पुढे रात्रभर बस. पैसे मोजले की विचारावं लागतं, कुणाच्या नावावर टाकू? आणि आपण ते मुलांच्या नावावर टाकतो.

इथे माझं खरं भांडण सुरू होतं. हे वाचणारे तुम्ही बहुतेक विशी-पंचविशीतले असाल. मुलांच्या नावावर टाकलेल्या खर्चाचं बिल तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या हातात येऊन पडलं असेल. 'आम्ही तुमच्यासाठी काय काय केलं.' करिअर बदलायचं म्हटलं, जातीबाहेर लग्न करायचं म्हटलं, नुसतं वेगळं राहायचं म्हटलं, की बिल पुढे येतं. त्यात फी असते, क्लास असतात, आणि सहलीसुद्धा असतात. ज्या सहलीत तुम्ही आठ वर्षांचे होता आणि तुम्हाला कुणी विचारलंही नव्हतं, तीही. आईबाप खोटं बोलत नसतात. ते खरोखर कोट धरून उभे होते. म्हणूनच ते कर्ज फेडता येत नाही. जे मागितलं नव्हतं, ते परत कसं करणार?

आपल्या भाषेतलं आईपण अशा उभं राहण्यातच घडलं आहे. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिलं. त्यात पोहायला घाबरणाऱ्या श्यामला आई लपलेल्या जागेतून बाहेर काढते, फटके देते आणि विहिरीवर पाठवते. पोराची भीती जावी म्हणून ती कठोर होते, आणि ते दृश्य थोर आहे यात वाद नाही. पण तिला स्वतःला त्या पाण्यात उतरावंसं वाटलं असेल का, हा प्रश्न त्या गोष्टीत उठत नाही. मलाही तो बर्फावर जाईपर्यंत पडला नव्हता.

सुझन वुल्फ नावाच्या अमेरिकी तत्त्वज्ञ बाईंनी १९८२ साली 'मॉरल सेंट्स' नावाचा एक निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: जो माणूस प्रत्येक क्षणी दुसऱ्याचं भलं करण्यातच असतो, त्याला कादंबऱ्या वाचायला, वाद्य शिकायला, टेनिसचा फटका सुधारायला वेळच उरणार नाही. असा माणूस नीतीच्या दृष्टीने निर्दोष असेल, पण त्याच्याकडे स्वतःचं म्हणावं असं आयुष्य नसेल. आपण किंवा आपली प्रिय माणसं तशी नाहीत, याचा त्यांना आनंदच वाटतो. आपल्याकडे असा संत होण्याची सक्ती एकाच नात्यात आहे आणि तिला आपण मातृत्व म्हणतो.

यावर हल्ली एक तयार उत्तर मिळतं. आई आनंदी तर घर आनंदी. रीलमध्ये, सौंदर्यप्रसाधनांच्या जाहिरातीत, शाळेच्या पालकसभेत. मला हे वाक्य आवडत नाही. वरून उदार दिसतं, पण त्याने आईच्या मजेलाही कामाला लावलंय. तू खूश राहा, कारण त्याने मुलांची वाढ चांगली होते. म्हणजे माझं घसरणं हे मुलांचं टॉनिक. मुलांना उद्या कळलं की आईच्या स्कीइंगने आपल्याला काडीचा फायदा झाला नाही, तर काय, ते चुकीचं ठरणार का?

दुसरी बाजूही मला दिसते आणि ती हलकी नाही. आईबापांच्या हौसेपायी ओढत नेलेली मुलं मी पाहिली आहेत. बापाला ट्रेकिंगचं वेड, म्हणून सहा वर्षांचं पोर उन्हात रडत गड चढतंय. आईला फोटो हवा, म्हणून बाळ उघड्या डोक्याने बर्फात बसवलंय. ती मजा मोठ्यांची, आणि मूल तिचं सामान. वळगणीला मी मागे धावले, कारण मला घरी राहण्याची मोकळीक होती. माझा भाऊ यायचा नाही, त्याला चिखल आवडत नसे, आणि त्याबद्दल त्याला कुणी काही बोललं नाही. ही मोकळीक नसेल तर बापाचा आनंद बघणं ही पोराला शिक्षा आहे. कॅनडात कॅलगरीला माझी मामेबहीण असते. तिथे स्कीइंग म्हणजे आपल्याकडच्या स्विमिंग क्लाससारखं. शनिवारी मुलांना स्कीच्या शाळेत सोडायचं आणि आईबाप गाडीत लॅपटॉप उघडून बसतात. ना ओढाताण, ना त्याग, ना मजा. सगळं सुरळीत चालतं. तेही मला काही फार खुणावत नाही.

आता आईचा प्रश्न. पोरं कुणी सांभाळली? नवऱ्याने. तो एका स्टॉलपाशी खुर्ची टाकून बसला होता, मांडीवर चार कोट, समोर मॅगी. त्याला स्कीइंगची आवड नाही. त्याची आवड म्हणजे आमच्या पट्ट्यातल्या टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धा, मंडप, समालोचन, बक्षिसात मोटरसायकल. जानेवारी ते मे तो एकेक रविवार मैदानावर असतो. त्याला आजवर कुणी विचारलेलं नाही, पोरं कुणी सांभाळली? उत्तर सगळ्यांना माहीत असतं म्हणून.

आणि वळगणीचं उरलेलं चित्र असं. बाबा आणि मी रात्री दोनला भिजून यायचो. टोपली चुलीपाशी ठेवायचो. मग आई उठायची. तेवढे मासे कापणं, साफ करणं, मीठ लावून ठेवणं, आमचे चिखलाचे कपडे. पहाटेपर्यंत. माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात सुंदर रात्रीचा कोट ती धरून बसली होती. तिला विचारलं, तुला कधी यावंसं वाटलं का गं वळगणीला? ती म्हणाली, लग्नाआधी ती तिच्या भावांबरोबर जायची, पाग तिला भावांपेक्षा चांगला फेकता यायचा. हे मला चाळिसाव्या वर्षी कळलं.

म्हणून मी तिच्या प्रश्नावर चिडत नाही. कुणाचाही आनंद हवेत तरंगत नसतो, खाली कुणीतरी कोट धरून असतं. मजा करावी का, याचं माझं उत्तर हो आहे, त्याला मुलांच्या भल्याचं लेबल लावू नये. पण कोट धरणारं माणूस ठरलेलं असेल, दरवेळी तेच असेल, तर त्या मजेत काहीतरी सडकं आहे. मी सोलंगला नवऱ्याला आधी विचारलं होतं, आणि नुसतं दोन तासांचं नाही. पाय मोडला तर दीड महिना डबे, शाळा, माझ्या आईचं दवाखान्यात जाणं, हे सगळं तुझ्याकडे येईल, चालेल का? त्याने थोडा विचार केला. मला तो विचार करणं आवडलं. पटकन हो म्हणाला असता तर त्याला प्रश्न समजला नाही असं मी धरलं असतं. मास्तर म्हणत होते, वरच्या उतारावरून एकदा येऊन बघा. तो करार खालच्या उताराचा होता, म्हणून मी खालीच राहिले.

मुलाला बर्फ फारसा आवडला नाही. हात गार पडले म्हणून तो बापाजवळ जाऊन बसला. त्याला अटल बोगदा आवडला, ९.०२ किलोमीटर लांबीचा, पलीकडे सिस्सूला जाताना लागतो. बोगद्यातले दिवे मोजत बसला होता. त्याच्या नावावर या सहलीचं बिल फाडलं असतं तर एका बोगद्याचे पैसे निघाले असते.

लेकीचं वेगळं. दुसऱ्या दिवशी नवरा मुलाला घेऊन गरम काहीतरी खायला खाली गेला, तेव्हा तासभर माझा कोट, पर्स आणि मोबाइल तिच्याकडे होता. जवळच कोटवाल्या आईबापांची ती रांग होती, त्यांच्यात एक बारा वर्षांची मुलगी. मी खाली आले तेव्हा तिचं नाक लाल झालं होतं आणि चेहऱ्यावर कंटाळा. व्हिडिओ काढलास का, विचारलं. एक काढला, म्हणाली, मग बोटं गारठली. कोट माझ्या हातात देत ती कुरकुरली, "किती वेळ लावलास गं आई."

मी म्हटलं, हो, लावला. आणि कोट घालायला लागले.